पासिंगपुरतं पुण्य

डॉक्टरांनी मला रोज सकाळी चार किलोमीटर चालायला सांगितलं होतं. मी चौकापर्यंत जात असे, तिथे बिनसाखरेचा चहा घेत असे आणि साखर सोडल्याच्या आनंदात एक क्रीमरोल खाऊन परत येत असे. हे अंतर जाऊन-येऊन नऊशे मीटर भरतं, ही बातमी माद्रिदला राहणाऱ्या लेकीपर्यंत पोचली. आमच्या घरातलं हेरखातं एकाच व्यक्तीकडे आहे आणि ती व्यक्ती माझ्याच ताटात भाकरी वाढते, त्यामुळे चौकशी करण्यात अर्थ नव्हता.

लेक फोनवर एवढंच म्हणाली, "बाबा, सप्टेंबरात इकडे येताच आहात, तर थोडं चालू या का?"

मी म्हटलं, "चालू की."

आमच्या कराडकडे 'चालू की', 'येऊ की', 'देऊ की' या शब्दांना काही किंमत नसते. माणूस समोरून जावा म्हणून ते बोलायचे असतात. लेक पाच वर्षं परदेशात राहिल्यानं हे विसरली होती. तिनं 'चालू की'चा अर्थ एकशे पंधरा किलोमीटर असा घेतला आणि तिकिटं काढली.

त्या वाटेचं नाव कामिनो द सांतियागो. कामिनो म्हणजे वाट आणि सांतियागो म्हणजे संत याकोब, येशूच्या बारा शिष्यांपैकी एक. याकोबाचा शिरच्छेद झाला जेरुसलेमला, इसवी सन ४४च्या सुमारास. पुढची कथा अशी की त्याच्या अनुयायांनी त्याचा देह एका नावेत ठेवला. नाव दगडाची होती, तिला शीड नव्हतं, आणि ती आपोआप स्पेनच्या वायव्य कोपऱ्याला, गॅलिसियाच्या किनाऱ्याला लागली. लेक हे जरा चाचरत सांगत होती. आईला हे पटेल की नाही अशी तिला शंका होती. बायकोनं पान उलटावं तसा विषय संपवला. "गाथा तरंगली, भिंत चालली. नावेचं काय घेऊन बसलीस? ती तर तरंगायलाच असते. पुढं सांग."

पुढं असं झालं की नवव्या शतकात एका एकांतवासी साधूला रानात विचित्र दिवे दिसले, बिशपनं जागा शोधली, थडगं सापडलं आणि राजा दर्शनाला आला. राजा आला की लोक येतात. बाराव्या शतकात तर सगळ्या युरोपातून रीघ लागली होती. मग साथी आल्या, लढाया आल्या, धर्मसुधारणेच्या चळवळीनं निम्म्या युरोपाचा असल्या यात्रांवरचा विश्वास उडाला. १५८९ साली इंग्रज दर्यावर्दी ड्रेक जवळच्या बंदरावर चालून आला, तेव्हा आर्चबिशपनं घाबरून संताच्या अस्थी लपवून ठेवल्या. इतक्या चोख लपवल्या की पुढं जवळजवळ तीनशे वर्षं त्या कुणालाच सापडल्या नाहीत. शेवटी १८७९ साली कॅथीड्रलमध्येच खोदकाम करताना मिळाल्या. हे ऐकून मला आमच्या घरातली पाटल्यांची जोडी आठवली. गावी जाताना ती सुरक्षित जागी ठेवली होती. जागा अजूनही सुरक्षित आहे. मी फक्त बायकोकडे पाहिलं; ती म्हणाली, "सापडतील."

अशी ही वाट मोडल्यात जमा होती, ती पुन्हा चालती झाली ती एका खेड्यातल्या पाद्रीबुवांमुळे. ओ सेब्रेइरो हे डोंगरमाथ्यावरचं गाव. गवतानं शाकारलेली दगडी गोल घरं आणि बारा महिने धुकं. तिथले एलियास वालिन्या यांनी डॉक्टरेट मिळवली ती याच वाटेवर अभ्यास करून. पण प्रबंध वाचून कुणी घराबाहेर पडत नाही, हे त्यांच्या लवकर ध्यानात आलं असावं. १९८४ साली त्यांनी पिवळा रंग आणि ब्रश घेतला, गाडीत टाकला आणि फ्रान्सच्या सरहद्दीपासून निघून झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत सुटले. असं सांगतात, की सरहद्दीजवळ पोलिसांनी त्यांना हटकलं, काय चाललंय म्हणून विचारलं, तेव्हा बुवा म्हणाले, "फ्रान्सकडून मोठी स्वारी येणार आहे, तिची तयारी करतोय."

ते वारले १९८९ साली. त्या सुमाराला वर्षाकाठी जेमतेम काही हजार माणसं ही वाट चालत होती. १९८७ साली युरोपच्या परिषदेनं तिला पहिला सांस्कृतिक मार्ग ठरवलं, १९९३ साली ती युनेस्कोच्या यादीत गेली आणि २०२४ साली पाच लाखांच्या आसपास माणसांनी सांतियागोला पोचल्याचं प्रमाणपत्र घेतलं. स्वारी खरोखरच आली. आम्ही तिच्यातले शेवटच्या रांगेतले भालदार.

शेवटच्या रांगेतले अशासाठी, की फ्रान्सच्या बाजूनं सुरू होणारी मुख्य वाट आहे पावणेआठशे किलोमीटरची. ती चालायला महिन्याहून जास्त लागतो. पण प्रमाणपत्रासाठी पायी शंभर किलोमीटर पुरतात; सायकलवर असाल तर दोनशे. जगात जिथे जिथे किमान गुणांची अट असते, तिथे तिथे तेवढेच गुण मिळवणारा एक मोठा समाज तयार होतो. तो समाज सारिया नावाच्या गावात जमतो, कारण सारिया सांतियागोपासून शंभराच्या किंचित पुढं आहे. मी शाळेत गणितात नेहमी पस्तीस ते अडतीसच्या दरम्यान असायचो. सारियाला उतरल्याबरोबर मला घरी आल्यासारखं वाटलं.

आमची पायरी मात्र पहिल्या तासातच कळली. फ्रान्सपासून चालत आलेली माणसं लांबून ओळखू येतात. रापलेली, दाढी वाढलेली, पाठीवरच्या सॅकला धुतलेले मोजे पिनांनी टांगलेले. ती आमच्याकडे अशी पाहत होती, जसं कर्जतला बसलेला माणूस डोंबिवलीला चढणाऱ्यांकडे पाहतो. तोंडानं कुणी काही बोलत नाही, पण खिडकी आपली आहे हे डोळ्यांत दिसतं. आमचे मोजे कोरे, शिंपले कोरे, चेहरे कोरे.

शिंपला ही या यात्रेची खूण. पूर्वी तो सांतियागोला पोचल्यावर मिळायचा, म्हणजे जाऊन आल्याचा पुरावा. तिथल्या विक्रेत्यांचा धंदा इतका तेजीत होता, की बाहेर कुठे शिंपले विकणाऱ्याला धर्मबहिष्कृत करण्याची ताकीद पोपनं दिली होती. आता सारियाच्या प्रत्येक दुकानात तो आधीच मिळतो. निकालाच्या आधी पेढे वाटण्यासारखाच हा प्रकार. आम्ही तीन घेतले.

त्याशिवाय एक घडीचं पुस्तक मिळतं, क्रेदेन्सियाल. त्यात वाटेवर शिक्के मारून घ्यायचे. शेवटच्या शंभर किलोमीटरात दिवसाला किमान दोन. चर्चमध्ये शिक्का, धर्मशाळेत शिक्का, कॉफी प्यालात तर हॉटेलात शिक्का. मी वीज मंडळात तेहेतीस वर्षं काढली. शिक्का मारण्याचं सुख मला ठाऊक होतं, मारून घेण्याचं नव्हतं. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी सात शिक्के गोळा केले आणि त्यापायी चार कॉफ्या प्यालो. लेक म्हणाली, "बाबा, दोनच पुरतात." मी म्हटलं, "कागदपत्र भक्कम असलेलं बरं. उद्या कुणी हरकत घेतली तर?"

वाट सुंदर होती हे मला मान्य करावंच लागेल. दोन्ही बाजूंना शेवाळलेल्या दगडांच्या भिंती, चेस्टनटची म्हातारी झाडं, खांबांवर उभी केलेली धान्याची चिंचोळी कोठारं आणि आपल्याकडच्यासारख्याच रस्ता अडवून उभ्या राहणाऱ्या गाई. गाईला वळसा घालण्याचं कसब आम्हाला उपजत होतं. अमेरिकन मंडळी मात्र थांबून तिची परवानगी मागत होती. दर थोड्या अंतरावर दगडी खांब आणि त्यावर उरलेलं अंतर, तेही तीन दशांश स्थळांपर्यंत. उरलेलं अंतर मीटरमध्ये सांगणं हा क्रूरपणा आहे. माणूस अर्धा तास घाम गाळतो आणि खांब त्याला सांगतो, एक पूर्णांक इतकं इतकं कमी झालं. आमच्या मीटर रीडिंगला लोक शिव्या का द्यायचे, ते मला निवृत्तीनंतर सहा वर्षांनी कळलं.

पण या वाटेवरची खरी चढण वेगळीच होती. शेजारून चालणारा प्रत्येक जण आधी "बुएन कामिनो" म्हणतो, म्हणजे वाट चांगली जावो. दहा पावलं बरोबर चालतो आणि मग विचारतो, "तुम्ही का चालताय?"

प्रत्येकाकडे या प्रश्नाचं वजनदार उत्तर तयार होतं. एका इटालियन बाईंचा घटस्फोट झाला होता. एका जर्मन गृहस्थांनी वीस वर्षांची नोकरी सोडली होती आणि आता त्यांना स्वतःला शोधायचं होतं. ब्राझीलच्या तरुणानं पाउलो कोएल्योचं पुस्तक वाचलं होतं. कोरियन जोडपं चाळीस दिवस बोलायचं नाही असं ठरवून आलं होतं. हे त्यांनी आम्हाला अर्धा तास बोलून समजावलं. या सगळ्यांपुढे 'लेकीनं तिकीट काढलं' हे उत्तर फारच तोकडं पडू लागलं. दुसऱ्या दिवशी मी जर्मनाला म्हटलं, "साखर." तो थांबला. मी लेकीकरवी खुलासा केला, की तीन महिन्यांची सरासरी सात पूर्णांक चार आहे. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला. एखाद्या महारोगातून उठून आलेल्या माणसाकडे पाहावं तसा तो मग दिवसभर माझ्याकडे पाहत होता.

बायकोला त्यानं तोच प्रश्न विचारला. तिनं लग्नाआधी आत्याबरोबर दोन वेळा पंढरीची वारी केलेली. ती म्हणाली, "का म्हणजे? निघालो म्हणून चालतोय." लेकीनं याचं स्पॅनिश की इंग्रजी असं काहीतरी केलं, ते मूळ वाक्याच्या चौपट लांब होतं. जर्मनानं वही काढून ते लिहून घेतलं. मी लेकीला विचारलं, "काय सांगितलंस?" ती म्हणाली, "आई म्हणाली तेच. फक्त थोडं खोल करून."

मध्ययुगात ही भानगड नव्हती. कारण विचारायची गरजच नसे. कारण ठरलेलं असायचं, पाप. कुणी नवस फेडायला येई, कुणी पापाची सजा माफ व्हावी म्हणून. फ्लँडर्समधली न्यायालयं तर गुन्हेगाराला शिक्षा म्हणूनच सांतियागोला पायी पाठवत. श्रीमंत माणूस स्वतः न जाता पैसे देऊन दुसऱ्याला चालायला पाठवू शकत असे, आणि काही जण मृत्युपत्रात तशी तरतूद करून ठेवत, की मी मेल्यावर माझ्या नावानं कुणीतरी जाऊन यावं. ही शेवटची सोय आता बंद झाल्याचं मला मनापासून वाईट वाटलं.

त्या काळची या वाटेची एक मार्गदर्शिकाही आहे, बाराव्या शतकातल्या 'कोडेक्स कॅलिक्स्टिनस' या ग्रंथाचा पाचवा भाग. तिचा लेखक जागोजागी चिडलेला आहे. कुठल्या नदीचं पाणी प्यावं, कुठल्या नाही, नावाडी कसे लुबाडतात, सगळं लिहिलंय. एका नदीकाठी दोन माणसं सुऱ्यांना धार लावत बसली होती. यानं विचारलं, पाणी चांगलं आहे का? ती म्हणाली, उत्तम. याच्या घोड्यांनी पाणी पिलं, दोन घोडे तिथंच मेले आणि त्या दोघांनी लगेच त्यांची कातडी सोलायला घेतली. पंक्चरच्या दुकानाआधी शंभर मीटरवर खिळे सापडतात, त्या विद्येचं मूळ इतकं जुनं असेल असं वाटलं नव्हतं.

हा अनमोल ग्रंथ २०११ च्या जुलैत कॅथीड्रलमधून चोरीला गेला. आंतरराष्ट्रीय टोळीचा हात असणार असं सगळ्यांना वाटलं. बरोबर एक वर्षानं तो एका गॅरेजमध्ये सापडला. चोरणारा कोण, तर कॅथीड्रलमध्ये पूर्वी कामाला असलेला इलेक्ट्रिशियन. त्याला कामावरून काढलं होतं आणि आपले पैसे थकलेत असं त्याचं म्हणणं होतं. लेकीनं हे सांगितल्यावर दोघींनी माझ्याकडे पाहिलं. जणू वायरमन संघटनेचा ठराव मीच मांडला होता. मी म्हटलं, "थकबाकी असली की आम्ही जोडणी तोडतो. ग्रंथ नेत नाही."

पहिल्या दिवसाचा शेवट पोर्तोमारिनला झाला. बावीस किलोमीटर चालून आल्यावर मिन्यो नदीवरचा उंच पूल ओलांडायचा, आणि पुलाच्या टोकाला गावात शिरायला सरळ उभा दगडी जिना. गावाची ओळख म्हणून बरं, पण सायंकाळी पाच वाजता तो जिना पाहून एक धडधाकट ऑस्ट्रेलियन खाली बसून रडला, हे मी स्वतः पाहिलं. वर गेल्यावर एक चर्च लागतं, किल्ल्यासारखं चौकोनी आणि भक्कम. त्याच्या दगडांकडे नीट पाहिलं तर काही दगडांवर आकडे दिसतात.

हे गाव मूळचं खाली नदीकाठी होतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला खालच्या अंगाला विजेसाठी धरण बांधलं आणि गाव पाण्याखाली गेलं. चर्च मात्र दगडन् दगड सुटा करून, प्रत्येकावर आकडा घालून, वर आणून पुन्हा रचलं. पाणी उतरलं की जुन्या गावाच्या भिंती आजही उघड्या पडतात.

मी नोकरीची पहिली अकरा वर्षं कोयनेला होतो. ते धरणही त्याच दशकातलं आणि विजेसाठीच. शिवसागराच्या तळाशी गेलेल्या गावांची माणसं मी रोज पाहिली आहेत. त्यातली कितीतरी सांगली-सोलापूरपासून रायगडपर्यंत पांगली आणि कागद घेऊन वर्षानुवर्षं कचेऱ्यांचे जिने चढत राहिली. मी चर्चच्या भिंतीवरचा एक आकडा बोटानं चाचपत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "कसलं बघताय?" मी म्हटलं, "यांनी दगडांना नंबर दिले होते. आपण माणसांना दिले." त्या संध्याकाळी जिन्याबद्दल मी तक्रार केली नाही.

जेवणाची गंमत वेगळी. बायको माळकरी. गॅलिसियात 'शाकाहारी' या शब्दाचा अर्थ 'डुक्कर दिसणार नाही अशा बेतानं' असा आहे. भाजीचं सूप मागवलं, त्यात डुकराची चरबी. कोशिंबीर मागवली, तिच्यावर ट्यूना मासा. भाज्यांचं सँडविच असं स्पष्ट लिहिलेलं मागवलं, त्यातही ट्यूना आणि वर अंडं. वाढणाऱ्या मावशी समजूत घालत होत्या, "अहो, अगदी थोडासाच आहे!" शेवटी पाव, आर्सुआचं मऊ चीज, फळं आणि पिशवीतली शेंगदाण्याची चटणी यांवर बायकोनं वाट काढली. चटणी संपेल या धास्तीनं ती डबा माझ्यापासून लपवत होती. पाटल्यांच्याच सुरक्षित जागी असावा.

पाद्रोनच्या मिरच्यांबद्दल तिथे मोठ्या कौतुकानं सांगतात, की काही तिखट निघतात आणि काही नाही, कुठली कशी ते खाल्ल्याशिवाय कळत नाही. जुगाराचा थरार म्हणून त्या खातात. आम्ही दोन बशा संपवल्या. तिखट निघणारी अजून सापडायची आहे. शेजारच्या टेबलावरचा एक डेन्मार्कचा माणूस मात्र एका मिरचीनं लालबुंद होऊन पाणी मागत होता. बायकोनं त्याच्या बशीतली उरलेली अर्धी मिरची कुतूहलानं पाहिली आणि म्हणाली, "ढोबळी आहे हो."

मेलिदेला मी एकट्यानं ऑक्टोपस खाल्ला. तांब्याच्या हंड्यात उकळतात, कात्रीनं कापतात, लाकडी ताटलीत ठेवून वर ऑलिव्ह तेल, जाडं मीठ आणि तिखटाची पूड. बायको तेवढा वेळ स्टूल फिरवून रस्त्याकडे तोंड करून बसली. जाताना म्हणाली, "पाय आठ आणि चालणारा एकही नाही. तुमच्यासारखंच."

मुक्काम आल्बेर्गेत, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत. दुमजली खाटा, एका खोलीत वीस-तीस माणसं, रात्री दहाला दिवे बंद आणि सकाळी आठच्या आत बाहेर. तिथल्या घोरण्याविषयी मी खूप ऐकलं होतं, म्हणून कानात घालायचे बोळे नेले होते. पहिल्या रात्री मला काहीच ऐकू आलं नाही, शांत झोप लागली. सकाळी पाहिलं तर सगळ्यांचे डोळे लाल. न्याहारीच्या वेळी चौघा जणांनी वेगवेगळ्या भाषांत माझी आपुलकीनं चौकशी केली, की आज तुम्ही कुठल्या गावी मुक्काम करणार? मी गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते नकाशावर शोधलं, आपसात बोलले आणि सहा किलोमीटर पुढच्या गावात खाटा राखून ठेवल्या. त्या खोलीत माझ्याखेरीज झोपलेली आणखी एकच व्यक्ती होती. तिला चौतीस वर्षांचा सराव आहे.

तिसऱ्या दिवशी माझ्या डाव्या टाचेला फोड आला. धर्मशाळेतले स्वयंसेवक सत्तरीचे होते. त्यांनी मला खुर्चीत बसवलं, स्वतः खाली जमिनीवर बसले आणि माझा पाय मांडीवर घेतला. गेल्या कित्येक वर्षांत माझ्या टाचेकडे कुणी एवढ्या बारकाईनं पाहिलं नव्हतं. मीसुद्धा नाही, मध्ये पोट येतं. त्यांनी चष्मा वर केला, सुईत दोरा ओवला, सुई फोडातून आरपार नेली आणि दोऱ्याची दोन्ही टोकं बाहेर लोंबती ठेवली, पाणी झिरपून जावं म्हणून. मी शरमेनं पाय मागे घेत होतो, ते पुन्हा ओढून घेत होते. लेकीनं विचारल्यावर कळलं, की ते निवृत्त शिक्षक आहेत, दर वर्षी पंधरा दिवस इथे फुकट राबायला येतात, आणि पूर्वी कधीतरी याच वाटेवर त्यांचाही पाय असाच कुणीतरी मांडीवर घेतला होता.

बायको हे लक्ष देऊन ऐकत होती. म्हणाली, "लोणंदला एका बाईनं माझे पाय असेच धरले होते. गरम पाण्यानं धुतले, तेल चोळलं. मी नाव विचारलं तर म्हणाली, नाव कशाला, पाय दे." मग तिनं पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढून त्या शिक्षकांच्या हातात ठेवली. त्यांनी वास घेतला, झाकण लावलं, आणि बाटली औषधांच्या कपाटात आयोडीनच्या शेजारी उभी केली. त्यांनी मला 'का चालताय' असं विचारलं नाही. या सबंध वाटेवर न विचारणारा हा पहिला माणूस.

शेवटच्या दिवशी लावाकोया लागलं. पवित्र नगरीत शिरण्याआधी मध्ययुगीन यात्रेकरू इथल्या ओढ्यात अंगभर आंघोळ करत; पुष्कळांची ती कित्येक महिन्यांतली पहिली असायची. आता तिथे सांतियागोचा विमानतळ आहे. वाट त्याच्या कुंपणाला वळसा घालून जाते आणि डोक्यावरून विमानं उतरतात. सहा दिवस टाच घासत आलेला माणूस वर पाहतो आणि त्याच्या मनात पहिला विचार भक्तीचा येत नाही.

कॅथीड्रलमध्ये संताच्या मूर्तीला मागच्या बाजूनं जिना चढून मिठी मारता येते. देवाला उराउरी भेटण्याची ही रीत बायकोला फार पटली. तिनं इतकी घट्ट मिठी मारली, की मागची रांग थांबली आणि रखवालदारानं घसा खाकरला. त्या दिवशी बोताफुमेइरोही पाहायला मिळाला. हे दीड मीटर उंचीचं, पन्नास किलोहून जड धूपपात्र. आठ माणसं दोरानं ओढून ते छतापर्यंत झुलवतात. एकदा, १४९९ साली, ते सुटून थेट खिडकीतून बाहेर गेलं होतं, असं सांगतात. आंघोळ न केलेल्या यात्रेकरूंचा वास झाकावा हा त्याचा मूळ उपयोग, असंही म्हणतात. एरवी ते मोठ्या सणालाच झुलतं, किंवा कुणी खास देणगी भरली तर. आमच्या दिवशी एका जर्मन गटानं भरली होती. पुण्य त्यांचं, धूर सगळ्यांना सारखा.

मग यात्रेकरूंच्या कचेरीत नंबर घेऊन रांगेत उभे राहिलो. खिडकीमागची मुलगी सगळे शिक्के तपासत होती. माझे सत्तेचाळीस शिक्के पाहून तिनं एकदा वर पाहिलं. कागदपत्र भक्कम होतं. मग तिनं तोच प्रश्न विचारला, फक्त छापील: चालण्याचं कारण? धार्मिक, आध्यात्मिक, की इतर? 'इतर' म्हटलं तर लॅटिनमधलं खरं प्रमाणपत्र मिळत नाही, वेगळा कागद मिळतो, असं लेकीनं कानात सांगितलं. मी साखरेपासून सुरुवात करणार, एवढ्यात बायको म्हणाली, "अहो, धार्मिक म्हणा. सहा दिवस रोज देवाचं नाव घेत होतात." ते खरं होतं. विशेषतः जिन्यांवर आणि चढांवर.

प्रमाणपत्रावर नाव लॅटिनमध्ये घालतात. मुलीनं यादी पाहिली, पण माझ्या नावाचं लॅटिन रूप निघेना, म्हणून तिनं एकेक अक्षर विचारून, दोनदा पडताळून, आहे तसं लिहिलं. मी तेहेतीस वर्षं लोकांच्या बिलांवर नावं चुकीची छापली. पाटलाचं पटेल केलं, शिंद्यांचं शिंपी केलं. माझं नाव मात्र त्या परक्या गावात बिनचूक उमटलं. प्रमाणपत्र फुकट असतं. ते ठेवायची नळी विकत घ्यावी लागते.

घरी आल्यावर सोसायटीत सगळ्यांनी विचारलं, "कशाला गेला होतात हो एवढं चालायला?" मी अजून उत्तर तयार करतोय. प्रमाणपत्र बायकोनं सुरक्षित जागी ठेवलंय, त्यामुळे दाखवायची सोय नाही. साखर सात पूर्णांक एक झाली. डॉक्टरांनी चालणं चालू ठेवा म्हणून सांगितलं आणि मी चौकापर्यंत जाऊन चहा घेऊ लागलो.

गेल्या मंगळवारी चौकात चहाच्या गाडीसमोर, डांबरावर, एक पिवळा बाण दिसला. कुठल्या तरी पाइपलाइनसाठी सर्वेवाल्यांनी काढलेला असणार, हे मला कळत होतं. तरी पाय वळले. पुढच्या कोपऱ्यावर दुसरा बाण होता, मग तिसरा. पोस्टावरून, दवाखान्यावरून, कालव्याच्या पुलावरून मी चालत राहिलो. शेवटचा बाण गावाबाहेर एका खणलेल्या चरापाशी संपला. चरात दोन कामगार डबा खात बसले होते. त्यांनी वर पाहिलं, "बसा काका" म्हणाले आणि एक फडकं झाडून दिलं.

घरी पोचायला साडेअकरा वाजले. बायको दारातच होती. "कुठं गेला होतात?"

"बाण होता," मी म्हटलं.

"मग बरोबर," ती म्हणाली, आणि पाय धुवायला पाणी द्यायला आत गेली.